मेक्सिको : मक्याचा देश आणि एका वर्धेकराची कर्मभूमी

कोठीत दुपारचे बारा वाजतात त्या वेळी मेक्सिको शहरात मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. पृथ्वीगोल हाती घेऊन आपल्या रेखांशाची पलीकडची बाजू शोधली तर बोट मेक्सिकोच्या आसपास पडते. अक्षांश मात्र जवळजवळ आपलाच आहे. हैदराबाद सुमारे सतरा अंश उत्तरेस आणि मुंबई एकोणीस अंशांवर. मेक्सिको शहरही एकोणीस अंशांवरच. त्यामुळे पाऊसही आपल्यासारखाच जूनमध्ये सुरू होतो आणि दसऱ्याच्या सुमारास ओसरतो. इतक्या दूरच्या आणि तरीही ऋतुमानाने इतक्या जवळच्या देशाची प्राथमिक ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. या विषयाकडे वळण्याचे आणखी एक कारण आहे. वर्धा येथे जन्मलेल्या एका मराठी माणसाने आयुष्यातील सुमारे तीन दशके त्या देशात काढली, आणि तीही तेथील शेतकऱ्यांच्या सेवेत. परप्रांतात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना त्या जीवनाचे मोल अधिक कळावे, अशी आमची समजूत आहे.

भूमी आणि लोक

भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे मेक्सिको उत्तर अमेरिकेत मोडतो. मध्य अमेरिका त्याच्या दक्षिण सीमेपलीकडे, ग्वाटेमालापासून सुरू होते. परंतु संस्कृतीच्या इतिहासात मध्य मेक्सिकोपासून कोस्टा रिकापर्यंतचा पट्टा एकच धरला जातो. मका, घेवडा आणि भोपळा यांवर जगणारी, पंचांग जाणणारी, पायऱ्यापायऱ्यांची उत्तुंग देवालये बांधणारी माया, अझ्टेक इत्यादी लोकांची ही भूमी. मेक्सिको हा त्या पट्ट्याचा सर्वांत मोठा देश.

क्षेत्रफळ सुमारे १९ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जवळजवळ तीन-पंचमांश. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १२ कोटी ६० लाख. २०११ साली एकट्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, हे लक्षात घेतले म्हणजे तो देश किती ऐसपैस आहे याची कल्पना येईल. दोन्ही बाजूंस पर्वतरांगा आणि मधे उंच पठार, अशी त्याची ठेवण आहे. राजधानी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे. म्हणजे अक्षांश मुंबईचा असूनही हवा एखाद्या डोंगरी गावाची.

राज्यकारभाराची आणि बहुतेकांच्या बोलण्याची भाषा स्पॅनिश असली तरी अडुसष्ट देशी भाषांना कायद्याने राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता आहे. तो कायदा २००३ साली झाला. अशा भाषा बोलणारांची संख्या सत्तर लाखांहून अधिक आहे. त्यांतील सर्वांत मोठी नाहुआत्ल, म्हणजे अझ्टेकांची भाषा. तिचे काही शब्द आपण रोज वापरतो. टोमॅटो, चॉकलेट आणि आवोकाडो हे तर उघडच तिकडचे. आपला चिकूदेखील झाड आणि नाव या दोहोंसह तिकडूनच आला.

आपल्या ताटातले मेक्सिको

पोर्तुगीज गलबतांतून अमेरिकेची पिके गोव्याच्या किनाऱ्यास लागली आणि तेथून दख्खनभर पसरली, हे आपण जाणतोच. त्यांपैकी मेक्सिकोचा वाटा मोठा आहे. ज्या मिरचीवाचून आपला ठेचा होत नाही आणि तेलुगू शेजाऱ्याचे लोणचे मुरत नाही, ती मिरची तिकडची. मराठवाड्यात आणि तेलंगणात आज जो लांब धाग्याचा कापूस पिकतो, त्या जातीचे मूळही तिकडेच. दसऱ्याला आपण दाराला ज्याचे तोरण बांधतो आणि आपल्या शेजारणी ज्याची फुले बतुकम्मा रचताना वापरतात, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तेथे त्यास सेम्पासूचिल म्हणतात. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी मृतांचे स्मरण करण्याचा त्यांचा सण असतो. त्या दिवशी थडग्यांवर आणि घरातील वेदीवर झेंडूच्या पाकळ्यांचा सडा घालतात, पितरांच्या आवडीचे पदार्थ मांडतात. आपल्या पितृपक्षाशी याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल.

परंतु त्या देशाचा प्राण म्हणजे मका. तेओसिंते नावाच्या रानटी गवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात माणसाने मका घडविला, असे आज शास्त्रज्ञ मानतात. तेओसिंतेच्या कणसात जेमतेम दहाबारा कठीण दाणे असतात. त्यातून आजचे भरदार कणीस निर्माण झाले ते शेतकऱ्यांच्या शेकडो पिढ्यांनी बी निवडून राखल्यामुळे. तेथील गृहिणी मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवते, धुते आणि दगडी पाट्यावर वाटते. त्या पिठाची तव्यावर भाजलेली पातळ भाकरी म्हणजे तोर्तिया. चुन्यामुळे दाण्यातील एक आवश्यक जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपने मका उचलला, पण ही रीत उचलली नाही. त्यामुळे तेथील मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग पिढ्यान् पिढ्या छळीत राहिला. बी नेले आणि त्यामागील विद्या मागे राहिली तर काय होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

इतिहासाचा धावता आढावा

अझ्टेक लोकांनी तेस्कोको सरोवरातील बेटावर तेनोच्तित्लान हे नगर वसविले. परंपरेनुसार ते साल १३२५. स्पॅनिश सरदार एर्नान कोर्तेस १५१९ साली किनाऱ्यास उतरला आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी ते नगर पडले. तलवारीपेक्षाही देवीच्या साथीने तेथील माणसे अधिक मेली. पुढे तीनशे वर्षे स्पेनचे राज्य राहिले. १६ सप्टेंबर १८१० रोजी मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने बंडाची हाक दिली, आणि १८२१ साली देश स्वतंत्र झाला. तेथे आजही १६ सप्टेंबर हाच स्वातंत्र्यदिन मानतात. दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, आपण हैदराबाद मुक्तिदिनाचे स्मरण करतो.

स्वातंत्र्याने स्वस्थता आली नाही. १८४६ ते १८४८ च्या युद्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी कॅलिफोर्नियासह उत्तरेकडील प्रचंड मुलूख घेतला. त्याआधी गेलेला टेक्सास धरता मेक्सिकोने आपला निम्म्याहून अधिक प्रदेश गमावला. १८६० च्या दशकात फ्रान्सने सैन्य धाडून मॅक्सिमिलियन नावाचा ऑस्ट्रियन राजपुत्र गादीवर बसविला. त्याचा पाडाव करणारा बेनितो हुआरेस हा सापोतेक या आदिवासी समाजातला होता, आणि त्याने देशाचे अध्यक्षपद भूषविले. त्यानंतर १८७६ ते १९११ हा बव्हंशी पोर्फिरिओ दियास याच्या हुकूमशाहीचा काळ. रेल्वे आली, खाणी वाढल्या, परकीय भांडवल आले. पण गावांची सामाईक जमीन मोठमोठ्या जमीनदारांच्या वाड्यांकडे गेली आणि शेतकरी कर्जापोटी त्यांचा वेठबिगार झाला.

१९१० साली क्रांतीचा भडका उडाला तो मुख्यतः या जमिनीपायी. दक्षिणेत एमिलियानो सापाता याने जमीन आणि स्वातंत्र्य यांसाठी शेतकऱ्यांची फौज उभारली. १९१९ साली त्यास दगाबाजीने मारण्यात आले. परंतु त्यापूर्वीच, ५ फेब्रुवारी १९१७ रोजी, नवी राज्यघटना झाली होती. तिच्या सत्ताविसाव्या कलमाने भूमी ही मूलतः राष्ट्राची ठरविली आणि गावांना जमीन परत देण्याचा मार्ग खुला केला. अशा गावाच्या सामाईक मालकीच्या जमिनीस एहिदो म्हणतात. शेतकऱ्याने आपला तुकडा कसावा, मुलास द्यावा, पण विकू नये, असा तिचा मूळ नियम होता. अध्यक्ष लासारो कार्देनास यांनी १९३४ ते १९४० या काळात सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन वाटली. १९३८ साली त्यांनी परदेशी तेल कंपन्याही राष्ट्राच्या ताब्यात घेतल्या.

आपल्याकडील वाचकांस हे प्रकरण परके वाटू नये. निजामी राजवटीत संस्थानाचा मोठा भूभाग सर्फेखास आणि जहागिरींत विभागलेला होता. १९४९ साली जहागिरी नष्ट झाल्या, १९५० साली कुळकायदा आला, १९५४-५५ साली खासरा पहाणी झाली. सरकारी नोकरीत ज्यांचा महसुली कागदांशी संबंध आला, त्या आमच्यासारख्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. पट्टा हाती पडणे निराळे आणि त्या जमिनीतून पोटापुरते पिकणे निराळे. संरक्षित कूळ म्हणून नाव लागले, पण बी नाही, बैल नाही, पीक बदलण्याची माहिती नाही; मग काही वर्षांतच तो तुकडा सावकाराकडे गेला, अशी उदाहरणे तालुक्यातालुक्यांत सापडत. मेक्सिकोच्या क्रांतीपुढेही हाच प्रश्न उभा होता. जमीन मिळाली, आता ती कसण्याची विद्या कोण देणार? नेमक्या याच वेळी आपला वर्धेकर तेथे पोहोचला.

पांडुरंग सदाशिव खानखोजे

खानखोजे यांचे बालपण वर्धा येथे गेले. तरुणपणी लोकमान्य टिळकांच्या सल्ल्याने, लष्करी शिक्षण घेण्याच्या इराद्याने, ते देशाबाहेर पडले. जपानमार्गे ते अमेरिकेत गेले. तेथे सैनिकी विद्यालयात प्रवेश मिळविला आणि त्याबरोबरच शेतीशास्त्राचेही शिक्षण घेतले. १९१३ साली स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या उभारणीत आणि विशेषतः त्याच्या सशस्त्र शाखेत त्यांचा वाटा होता. पहिल्या महायुद्धात ते तुर्कस्तानमार्गे इराणात गेले, ब्रिटिशांविरुद्ध लढले, पकडले गेले आणि निसटले. युद्धानंतर बर्लिन येथील भारतीय क्रांतिकारकांत ते वावरले.

येथे आपल्या शहराचा एक धागा त्यांच्या चरित्रात गुंफला जातो. १९२१ साली बर्लिनहून मॉस्कोस जे भारतीय शिष्टमंडळ गेले, त्याचे प्रमुख वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय होते, आणि खानखोजे त्या मंडळात होते. वीरेंद्रनाथ म्हणजे सरोजिनी नायडूंचे बंधू, निजाम कॉलेजचे आद्य प्राचार्य अघोरनाथ यांचे पुत्र, जन्माने हैदराबादी. कोठीहून आबिड्सकडे जाताना लागणारे ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ हे त्या कुटुंबाचे घर.

मॉस्कोत फारसे काही साधले नाही. मायदेशी परतावे तर तुरुंग ठरलेला. तेव्हा अमेरिकेत असताना जुळलेल्या मेक्सिकन स्नेह्यांच्या आधाराने खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत दाखल झाले. राजधानीपासून काही मैलांवर तेस्कोकोजवळ चापिंगो येथे राष्ट्रीय कृषिविद्यालय होते. एका माजी अध्यक्षाच्या जमीनदारी वाड्यात ते नुकतेच, १९२३ साली, हलविण्यात आले होते. जमीनदाराच्या वाड्यात शेतकऱ्यांच्या मुलांची शाळा, ही गोष्टच क्रांतीचा अर्थ सांगणारी होती. खानखोजे तेथे अध्यापक झाले. शस्त्रविद्येसाठी घराबाहेर पडलेल्या माणसास अखेर कामी आली ती जोडीने शिकलेली शेतकी.

त्यांनी मक्याच्या सुधारित जातींवर काम केले. मका आणि तेओसिंते यांच्या संकराचे प्रयोग केले. गहू, कडधान्ये, रबर यांवरही संशोधन केले. थंडी आणि अवर्षण सोसणारी बियाणी तयार करण्याकडे त्यांचा कल होता. परंतु आमच्या मते त्यांचे मोठे काम प्रयोगशाळेबाहेरचे आहे. १९२८ च्या सुमारास त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ‘मुक्त कृषिशाळा’ काढल्या. चापिंगोच्या परिसरातील खेड्यांत, ज्यांना नुकतीच जमीन मिळाली होती अशा शेतकऱ्यांसाठी, या शाळा विनाशुल्क चालत. बी कसे निवडावे, जमिनीचा कस कसा राखावा हे बांधावरच शिकवावयाचे, अशी पद्धत. एका शाळेस सापाताचे नाव दिले होते. पट्टा आणि पीक यांमधील जी दरी आपल्याकडे अनेक गावांत तशीच राहिली, ती बुजविण्याचा हा प्रयत्न होता.

त्या काळी मेक्सिको हे कलावंतांचेही माहेरघर झाले होते. इटालियन छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी खानखोजे यांच्या शाळांची आणि मक्याच्या कणसांची छायाचित्रे घेतली. विख्यात भित्तिचित्रकार दिएगो रिवेरा यांनी राजधानीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ‘आमची रोजची भाकरी’ या अर्थाच्या नावाचे चित्र रंगविले. त्यात मेजाभोवती नाना थरांतील माणसे बसली आहेत आणि मधला पुरुष भाकरी मोडून वाटतो आहे. ती आकृती खानखोजे यांच्यावरून रेखाटली असे सांगितले जाते.

१९३६ साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. त्यांना सावित्री आणि माया अशा दोन मुली झाल्या. परदेशी जन्मलेल्या मुलींची ही नावे पाहिली म्हणजे माणसाच्या मनात घर कोठे असते हे कळते. देश स्वतंत्र झाला, तरी ब्रिटिशांच्या काळ्या यादीतील नावामुळे परतीच्या वाटेत अडथळे आले. १९४९ साली मध्यप्रांताच्या सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी पाचारण केल्यावर ते येऊन गेले, आणि १९५० च्या दशकात नागपुरास स्थायिक झाले. तेथेच १९६७ साली त्यांचे निधन झाले.

चापिंगोपासून पाटणचेरूपर्यंत

चापिंगोच्या परिसरात पुढे आणखी मोठे काम उभे राहिले. १९४४ साली नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत आले आणि तेथे गव्हाच्या बुटक्या, भरघोस जाती तयार झाल्या. १९६६ साली भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बी आणले. आपल्याकडील हरितक्रांतीची ती सुरुवात. खानखोजे यांचे काम आणि ही घटना यांत थेट कार्यकारणभाव जोडणे योग्य होणार नाही. बोरलॉग यांचे कार्य स्वतंत्र होते. तरीही ते बी भारताच्या शेतांत रुजत असताना, त्याच भूमीत तीन दशके शेतकी शिकवून आलेला वृद्ध नागपुरात आयुष्याचे अखेरचे दिवस काढीत होता, हे विसरता येत नाही.

१९६६ सालीच तेस्कोकोजवळ मका आणि गहू यांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. आपल्या पाटणचेरू येथे १९७२ साली सुरू झालेल्या ‘इक्रिसॅट’च्या आवारात तिचे मक्यावरील काम चालते. म्हणजे मुंबईच्या हमरस्त्याने झहीराबादकडे जाताना डाव्या-उजव्या हातास जी प्रयोगाची शेते दिसतात, त्यांचा एक धागा चापिंगोच्या शेजारी पोहोचतो.

आजच्या मेक्सिकोचे चित्र संमिश्र आहे. तो मोटारी आणि यंत्रे निर्यात करणारा मोठा औद्योगिक देश आहे. १९९४ साली उत्तरेच्या शेजाऱ्यांशी मुक्त व्यापार सुरू झाला. उद्योग वाढले, पण मक्याच्या जन्मभूमीतच अमेरिकन मक्याची आयात वाढली आणि लहान शेतकरी अडचणीत आला. १९९२ साली घटनेत बदल होऊन जमीनवाटप थांबले होते व एहिदोची जमीन विकण्याची वाट मोकळी झाली होती. २००६ पासून मादक द्रव्यांच्या टोळ्यांविरुद्ध लष्कर उतरल्यावर हिंसाचार भडकला. बेपत्ता म्हणून नोंदलेल्या माणसांची संख्या २०२२ साली एक लाखावर गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये क्लाउदिया शेनबाउम या त्या देशाच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या, आणि २०२५ साली जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीस घटनेनेच बंदी घालण्यात आली. मका तेथे नुसते पीक नाही, हे यावरून दिसते.

नोंद ठेवण्याविषयी

आता थोडे आपल्याविषयी. आपली घराणी देशमुखी-देशपांडेपण, वकिली, अध्यापन, नोकरी वा व्यापार यांच्या निमित्ताने या शहरात आली. १९०७ साली विवेकवर्धिनी उभी राहिली, पुढे ग्रंथालये आणि साहित्यसंस्था झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. आपण येथेच राहिलो. तेव्हापासून आपल्या सभांमधून एकच चिंता ऐकू येते : आपली भाषा, आपले सण, आपली ओळख टिकेल काय? ही चिंता खोटी नाही. परंतु खानखोजे यांच्या चरित्राकडे पाहता दुसराही प्रश्न विचारावासा वाटतो : ज्या भूमीत आपण राहिलो, तिला आपण काय दिले?

त्याचे उत्तर नकारार्थी खचित नाही. शाळा, दवाखाने, न्यायालये, पाटबंधारे, मुक्तिसंग्राम, सर्वत्र येथील मराठी माणसांनी कष्ट उपसले आहेत. मात्र त्याची नोंद कोठे आहे? खानखोजे सप्टेंबर २०२२ मध्ये पुतळ्याच्या रूपाने चापिंगोत परतले. लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. त्यापूर्वी महाराष्ट्रातही त्यांचे नाव जाणणारे थोडेच होते. ते अगदी पुसले गेले नाही याचे कारण कोणी छायाचित्र घेतले, कोणी भिंतीवर रंगविले, आणि थोरली कन्या सावित्री साहनी यांनी २००८ साली त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.

आपल्याकडे रिवेरा नाही. पण माळ्यावर ट्रंका आहेत. त्यांत मोडीतले दस्त, उर्दूतल्या सनदा, शाळांचे जमाखर्च, सत्याग्रहींची पत्रे आहेत. मोडी आणि उर्दू दोन्ही वाचणारी पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी वाळवीच्या आधी ते उघडावेत. जे वाचता येत नाहीत ते वाचून घेण्यासाठी ग्रंथालयात आणावेत. आणि आजोबांनी या शहरात नेमके काय काम केले, ते चार पाने का होईना लिहून काढावे. लेखनाची चिंता नको. साल, गाव, काम आणि माणसांची नावे एवढे बिनचूक उतरले तरी पुढील पिढीस पुरे आहे.